हातचा एक

होडी सातला सुटते, म्हणजे भरली की सुटते.
मी, कोंबड्यांची एक टोपली, सिमेंटच्या बारा गोण्या,
आणि मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले
सांख्यिकी खात्याचे चाळीस फॉर्म.
वरच्या धरणानं आज पाणी सोडलं नाहीये.
नाम सोय नदीत दर वळणावर नावाडी उतरतो,
ढकलतो, आणि शिवी घालतो. कुणाला ते कळत नाही.

मानिवोन पाण्यातच सापडली. गुडघाभर.
दगडांवरचं शेवाळ ओढून काढत होती,
लेकीच्या केसांतला गुंता सोडवावा तशी, न तोडता.
"काठावरूनच विचार," म्हणाली.
"आणि भोंगा वाजला की पळ. नदी हल्ली
घड्याळ बघून वाढते, पण घड्याळ त्यांच्याकडे आहे."

रकाना अकरा: घरी खाण्यासाठी धरलेले मासे, अंदाजे किंमत.
"विकलेच नाहीत, तर किंमत कसली?"
विकले असते तर, मी म्हटलं.
"विकले असते तर जेवलो काय असतो?"
मी तालुक्याच्या बाजारातला भाव लिहिला,
पेन्सिलीनं, हळू दाबून.
ती वाकून बघत होती, आपल्या माशांना
कुणी इतके पैसे देतंय
याचं नवल वाटून.
"पण यंदा मासे नाहीत," ती म्हणाली. "डबा आणते. थायलंडचा."
म्हणजे खर्चाचा रकाना. तो पहिल्यांदाच भरला.

सासूला उठवणं, टेकवणं, भरवणं: रकाना नाही.
बाई ठेवली असती तर होता.
घरचा भात शिजवणं नाही.
खानावळीत शिजवला असता तर आहे.
थोरला सोमफोन सरहद्दीपलीकडे कोंबड्या सोलतो.
त्याचं राबणं त्या देशाच्या बेरजेत,
त्यानं पाठवलेले पैसे एका निळ्या फॉर्मवर.
निळा फॉर्म माझ्याकडे नाही.

"आणि ही वीज?" तिनं हनुवटीनंच दाखवलं.
डोंगराच्या खांद्यावरून तारा जात होत्या,
तिच्या छपराच्या बऱ्याच वरून.
ती वेगळे लोक लिहितात.
"खूप असते?"
खूप, मी म्हटलं. खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं.
तिनं मान हलवली, दुसऱ्याच्या पोराला
चांगले गुण मिळाल्याचं ऐकून हलवतात तशी.

मग जेव म्हणाली. वाफाळता चिकट भात,
आणि तीळ लावून तळलेला शेवाळाचा पापड.
मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.
पाहुण्यानं खाल्लेलं कुठे लिहायचं,
हे प्रशिक्षणात कुणी विचारलं नव्हतं.
निघताना तिनं चार पापड वहीत सारले.

व्हिएन्तियानमध्ये दुसऱ्या मजल्यावर
विलायफोनबाई फॉर्म संगणकात चढवतात.
तेविसाव्यापाशी थांबून म्हणाल्या,
"या घरचं बरं चाललंय. बाजारातनं माल घेतात आता."
मी हो म्हटलं. मला तोंड उघडायला हवं होतं.

महिन्याभरानं वाढ जाहीर झाली.
दशांशचिन्हामागे एक अंक. साहेब खूश.
चहाबरोबर केक होता.

लहानपणी बेरीज शिकवताना गुरुजी सांगायचे:
आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच लिहा,
हातचा एक.
तो लिहायचा नाही. तो लक्षात ठेवायचा,
पुढच्या घरात पोचेपर्यंत.
संगणकाला हातचा लागत नाही, विलायफोनबाई म्हणतात.

पापड खणात राहिले होते.
काल उघडला तर मुंग्यांची रांग,
खणातून टेबलाच्या पायावरून, भिंतीलगत,
खिडकीबाहेर.
प्रत्येकीच्या तोंडात हिरवा कण.
मी खण उघडाच ठेवला,
आणि बेरजेला बसलो.